पडता बाटला धरायचा नाही

बंदरावर अजून सांगतात, की पोरगा बाटल्याबरोबर घाटीवरून खाली गेला तेव्हा बापूस दोन्ही हात पाठीमागे घेऊन वर उभा होता. सांगणारे तेव्हा जन्मलेले नव्हते. मी तिथे होतो. हात पाठीमागे होते हे खरं. त्याच्यापुढे जे सांगतात ते सगळं खोटं, आणि ते खोडून काढायला आता दुसरं कोणी उरलेलं नाही म्हणून मी लिहायला बसलो. मला लिहिण्याची सवय नाही. शाळेतून मास्तरने मला हाकललं की मी स्वतः निघालो यावर आमच्या घरात वाद होता. मी स्वतः निघालो होतो.

आम्ही त्यांना मिस्त्री म्हणायचो. नाव होतं, पण कामावर नाव घ्यायचं नाही हा त्यांचाच कायदा. ते म्हणायचे, "माणसाला नावाने हाक मारली की तो मान वळवतो. बाटला हातात असताना मान वळवायची नाय." त्यामुळे बंदरापासून कारखान्यापर्यंत आम्ही फक्त पहिला, दुसरा, तिसरा असे असायचो. ज्याचा बाटला पुढे तो पहिला. मी बहुतेक वेळा दुसरा. लोकांना वाटायचं मिस्त्रींना आमची नावं ठाऊक नसतील. घरी बोलावलं की आईबापाची, गाईगुरांची नावं घेऊन विचारपूस करायचे. उंबरठ्याबाहेर मात्र पहिला, दुसरा, तिसरा.

कारखाना सोडावॉटरचा. इंग्रजाचं राज्य होतं, मुंबईची आगबोट बंदरापासून लांब उभी राहायची आणि तिच्यातला माल मचव्यातून धक्क्याला लागायचा. सोड्यात जो गॅस भरतात तो मुंबईहून लोखंडी बाटल्यांतून यायचा. बाटली म्हंजे सोड्याची, गोटीवाली; बाटला म्हंजे गॅसचा. छातीपर्यंत उंच, माझ्यापेक्षा जड, वर मानेला पितळेची चावी आणि चावीवर लोखंडाची टोपी. चावी तुटली तर बाटला बाणासारखा सुटतो, मग पुढ्यात भिंत असो की माणूस.

आता कारखाना धक्क्याजवळ असता तर ही गोष्टच झाली नसती. पण खालच्या विहिरी सगळ्या मचूळ, गोडं पाणी वर. म्हणून शेठनी कारखाना वर बांधला, आणि धक्का ते कारखाना मध्ये घाटी. जांभ्याच्या चिऱ्यांची फरसबंदी, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला गुडघाभर उंच दगडी गडगा, गडग्याच्या पलीकडे काही नाही. दोन वळणं. गाडी चढत नसे. आधी हमाल लोक काठीला दोर बांधून चौघांत एक बाटला न्यायचे, आणि दर मोसमात कोणाचा तरी पाय नाहीतर पाठ जायची. मग शेठनी मिस्त्रींना आणलं.

मिस्त्री जन्मभर आगबोटीवर खलाशी होते. डाव्या हाताची दोन बोटं नव्हती. कोणी विचारलं तर म्हणायचे, "एडनला ठेवलीत. पिंप घसरलं, धरायला गेलो." एवढंच. त्याच्यापुढे बोलायचे नाहीत, पण त्यांचं पुढचं सगळं आयुष्य त्या एका वाक्यातून निघालेलं होतं.

पहिल्या दिवशी मी बाटल्याला मिठी मारून उचलायला गेलो. मी तेव्हा जवान होतो आणि मला माझ्या पाठीचा गर्व होता. मिस्त्री म्हणाले, "खाली ठेव. वजन कोणाचं?"

मी म्हटलं, "बाटल्याचं."

"जमिनीचं. तिचं तिला देऊन टाक. मध्ये तू कशाला हमाली करतोस?"

मग त्यांनी एक हात टोपीवर ठेवला आणि बाटला आपल्याकडे कलवला. अगदी थोडा. म्हणाले, हात लाव. मी लावला. पहिल्यांदा बाटला माघारी जायला बघतो, तो उभाच राहायचा म्हणतो. अजून जरासा कलवला की तो ओढा कमी होतो. आणि एका जागी तो संपतोच. तिथे बाटल्याला वजनच नसतं. सगळा भार बुडाच्या काठावर, जमिनीत. हाताला फक्त लोखंड थंड लागतं. त्या जागी टोपी फिरवायची, दुसऱ्या हाताने अंगाला ढकलायचं, की बाटला काठावर गोल फिरत चालायला लागतो, लग्नातल्या म्हातारीसारखा डुलत. मिस्त्री त्या जागेला मुक्काम म्हणायचे. "मुक्कामाच्या अलीकडे राहिलास तर दमशील. पलीकडे गेलास तर मरशील." जाडं पिंप पुष्कळ कलवावं लागतं, तेव्हा कुठे त्याचा मुक्काम येतो. उंच बाटल्याचा मुक्काम अगदी जवळ असतो, म्हणून नवा माणूस नेहमी तो ओलांडतो. माझ्या नातवाने मध्ये मला ह्याचं पुस्तकातलं नाव सांगितलं. असेल. आम्ही मुक्काम म्हणायचो.

घाटीवर सरळ चढायचं नाही, आडवं-आडवं जायचं. माणूस नेहमी डोंगराच्या बाजूला, बाटल्याच्या खालच्या अंगाला कधीच नाही. आडवा लोळवत नेणं फक्त सपाटीवर, उतारावर कधीही नाही. "उभा बाटला आळशी, चालता बाटला हट्टी," ते म्हणायचे. "आळशाला ढकलता येतं. हट्टी झाला की त्याच्याशी बोलायचं नाय." आणि सगळ्यात वरचा कायदा हा, की मुक्काम ओलांडून बाटला पडायला लागला तर धरायचा नाही. हात मागे घ्यायचे, डोंगराकडे एक पाऊल, आणि जाऊ द्यायचा. बाटला मुंबईहून दुसरा येतो.

ह्यासाठी त्यांचा एक शब्द होता. आर्या. खलाशांचा शब्द आहे. दोर ओढायचा असला की हबेस म्हणतात, सैल सोडून खाली जाऊ द्यायचं असलं की आर्या. मी एकदा विचारलं, सरळ "सोडा" का म्हणत नाही? म्हणाले, "अरे मेल्या, कारखान्यात दिवसभर कोणी ना कोणी सोडा सोडा ओरडतंय. त्यातला कुठला टाकायचा नि कुठला प्यायचा?"

त्यांच्या खिशात नेहमी एक सुपारी असायची. खायची नव्हे. बाटले चढायच्या आधी सकाळी घाटीवर जागोजागी ती सुपारी ठेवून बघायचे, कुठे जाते. डोळ्याला सपाट दिसणारी जागा सुपारीला सपाट नसते. लग्नात पंगतीला बसताना पण आधी सुपारी. यजमान पाट मांडून हात जोडून उभा, आणि हे वाकून सुपारी कुठे घरंगळते ते बघताहेत. मग म्हणायचे, "मी त्या अंगाला बसतो." कोणाच्या खालच्या बाजूला ते कधी बसले नाहीत, भटजीच्या पण नाही. लोक हसायचे. एकदा वाढप्याच्या हातून ताकाची कढई निसटली. सगळी पंगत धरायला उठली, आणि मिस्त्री एकटे दोन्ही हात पाठीमागे घेऊन बसले. ताक त्यांच्या मांडीवरून गेलं. धोतर पिळत म्हणाले, "मला लागलं काय? नाय ना?" कढई धरायला गेलेल्या दोघांचे हात मात्र तिच्या काठाने चांगले कापले होते.

शिमग्यात आमच्याकडे देवाची पालखी खांद्यावर घेऊन नाचवतात. मिस्त्रींनी कधी खांदा दिला नाही. पालखीच्या कडेकडेने सुपारी मुठीत धरून चालायचे आणि नाचणाऱ्यांच्या पायाखाली बघायचे. एकजण म्हणाला, "मिस्त्री, देवाला पण लोळवत न्याल तुम्ही." ते म्हणाले, "देवाला विचार की, चौघांच्या खांद्यावर हिंदकळायला बरं वाटतं काय."

आणि त्याच पालखीचा पुढचा खांदा त्यांच्या पोराचा. रघू.

रघू माझ्या वयाचा. उचलणारा होता. भाताचं पोतं दातात पंचा धरून पाठीवर घ्यायचा, पालखी एकट्याच्या जोरावर उभी तोलायचा, बायका बघत राहायच्या. वस्तू पडली की त्याचा हात आधी जायचा, मग तो. मांजर जशी झेप घेते तसा. गावाला ते आवडायचं. मिस्त्रींना त्याची भीती वाटायची. कामाला नवा माणूस आला की ते त्याची परीक्षा घ्यायचे: पाणी पिताना, बोलताना, एकदम पितळेचा तांब्या समोर टाकायचे. ज्याचा हात पुढे आला त्याने त्या दिवशी बाटल्याला शिवायचं नाही. मला पुष्कळ दिवस लागले, ते मी सांगणार नाही किती. रघूने तांब्या कधी खाली पडूच दिला नाही. झेलून परत द्यायचा. "घ्या बापूस तुमचा तांब्या. पोचा पडला तर आवस ओरडेल."

मिस्त्री तांब्या घ्यायचे आणि म्हणायचे, "तुला काम नाय."

ह्याच्यात मधल्या मध्ये काकी सापडल्या. काकी म्हंजे मिस्त्रींची बायको. थोरला मुलगा मुंबईला गिरणीत गेला होता तो तापात तिकडेच गेला. त्याची वळकटी तेवढी बोटीने परत आली. तेव्हापासून मुंबईची बोट दिसली की काकी दार लावून घ्यायच्या. आता रघू म्हणायला लागला, बापूस काम देत नाही तर मी मुंबईला जातो. काकींनी मिस्त्रींचे पाय धरायचे बाकी ठेवले. "कारखान्यात ठेवा त्याला. इथे डोळ्यासमोर राहील." मिस्त्री म्हणाले, "हात शिकले तर ठेवतो. नाय शिकले तर मुंबई बरी. तिथे तापाने मरतो. इथे माझ्यासमोर मरेल."

तर काकींनी काय करावं? त्यांनी स्वतः शिकवायला घेतलं. घरात दिवसभर वस्तू टाकायच्या. उलथनं, करवंटी, पळी, केरसुणी, आणि प्रत्येक वेळी तोंडाने "आर्या". शेजारच्यांना वाटलं नवराबायकोची जुंपलीय. मी एकदा पडवीत बसलो होतो तर आतून काकींचं "आर्या" आणि मागोमाग त्यांचाच ओरडा, "मेल्या, पुन्हा झेललंस? आता सांडलेली भाजी तूच खा." रघू हसायचा. पण हसता हसता त्याचे हात हळूहळू थबकायला लागले. मी बघायचो ना. पुढे यायचे, अर्ध्यावर अडायचे. मग तेवढेही येईनात.

त्या वैशाखात काकींनी वर्षाचं लोणचं घातलं. चिनी मातीची बरणी, त्यांच्या माहेरची. मिस्त्री, रघू आणि मी पडवीत पेज खात होतो. काकी बरणी घेऊन आल्या, रघूच्या पुढ्यात उभ्या राहिल्या, आणि दोन्ही हात सोडले. ह्या वेळी आर्यासुद्धा म्हणाल्या नाहीत.

बरणी फुटली. कैऱ्या, मोहरी, तेल सगळीकडे. रघू दोन्ही तळवे उघडे, कोपरं मागे घेऊन उभा होता. कधी उठला तेसुद्धा त्याला कळलं नव्हतं. काकी खाली बसल्या आणि रडायला लागल्या, आणि रडताना हसत होत्या. मिस्त्रींनी एक फोड उचलली, तेल झटकलं, तोंडात टाकली. म्हणाले, "मीठ कमी हाय." मग रघूला म्हणाले, "उद्या ये."

रघू आला, थोड्या दिवसांत मुक्काम शिकला, आणि मग आली पावसाआधीची शेवटची बोट. त्याच्यानंतर बंदर बंद, म्हणून शेठना भरपूर बाटले हवे होते आणि माणसं कमी होती. सकाळी मिस्त्रींनी सुपारी घेऊन सगळी घाटी बघितली. कोळणींना दुपारपर्यंत दुसरीकडून जायला सांगितलं. ओल्या जागांवर वाळू टाकून घेतली. रघू पहिला. मी दुसरा, पहिल्या वळणाच्या खाली थांबलेलो. एक बाटला वर पोचल्याशिवाय दुसरा निघायचा नाही. मिस्त्री वरच्या वळणावर, दोन्ही हात पाठीमागे, नेहमीसारखे.

रघू चांगला चालवत होता. मी सांगतो, माझ्यापेक्षा चांगला. मुक्काम बरोबर धरला होता, डोंगराच्या बाजूला होता, घाई नव्हती. वरच्या वळणाच्या अलीकडे वाळूखाली मासळीचं पाणी साचलेलं होतं. वाळू वरून कोरडी दिसत होती. बाटल्याचा काठ त्याच्यावर आला आणि बूड सरकलं.

बाटला गडग्याच्या बाजूला कलला. रघूचे हात सुटले. हे मी ह्या डोळ्यांनी बघितलं आहे. दोन्ही तळवे उघडे, कोपरं मागे, बरणीच्या दिवशी होते तसेच्या तसे. पाऊल डोंगराकडे पडत होतं.

तेवढ्यात वरून हाक आली. "रघू."

आर्या नाही. पहिल्या नाही. रघू.

मिस्त्रींच्या तोंडून ते नाव घाटीवर आम्ही कधी ऐकलं नव्हतं. रघूनेही नाही. त्याने मान वळवून वर बघितलं. मला त्याचं तोंड दिसलं. बापाने बोलावलंय म्हंजे आपलं काहीतरी चुकतंय, काहीतरी करायला पाहिजे, असं ते तोंड होतं. आणि करण्यासारखं समोर एकच होतं. त्याने परत फिरून बाटल्याला मिठी मारली.

बाटला तोपर्यंत चालता झाला होता.

गडगा फुटला नाही. दोघं त्याच्यावरून गेले. मी खाली धावलो तेव्हा रघू खडकावर होता आणि बाटला त्याच्या अंगावरून पुढे जाऊन वाळूत रुतला होता. टोपी जागेवर, चावी शाबूत, नुसता रंग खरवडलेला.

मिस्त्री घाटीने चालत खाली आले. धावले नाहीत, हेही लोक सांगतात. धावून काय करायचं होतं? पोराजवळ बसले. त्याचे हात छातीवर घट्ट आवळलेले होते, बाटल्याला मारलेली मिठी तशीच. मिस्त्री ते हात उलगडत बसले. एकेक बोट.

तिरडीला मिस्त्रींनी खांदा दिला. जन्मात पहिल्यांदा ओझं खांद्यावर घेतलेलं, चालता येत नव्हतं. खांदा फार खाली घेत होते, त्यामुळे तिरडी एका बाजूला कलत होती. मागून कोणी म्हणालं, "मिस्त्री, सांभाळा." मी वळून त्याच्याकडे बघितलं.

तो बाटला दोन दिवसांनी मीच वर नेला. शेठ म्हणाले राहू दे, पण बोट संपली होती, दुसरा कुठून येणार? त्यातला गॅस त्या वर्षी बाजाराने प्यायला. मी नाही प्यालो. आजपर्यंत नाही. डॉक्टरने सांगितलं तरी नाही.

लोकांचं बोलणं तेव्हापासून सुरू झालं. धक्क्यावरून हमालांनी बघितलेलं, बाप हात मागे घेऊन उभा. मिस्त्री आणि रघू यांच्यात दहा पावलांपेक्षा जास्त अंतर होतं, हात लांब केले असते तरी हवेलाच लागले असते. पण हे ऐकायचंय कोणाला? "सगळ्यांना शिकवत सुटला, शेवटी पोटच्या पोराला पण धरलं नाही." आणि ह्याच्यावर दया म्हणून काय म्हणायचे? "हाक तरी मारली बिचाऱ्याने." हे ऐकलं की माझं डोकं फिरायचं. एकाला मी धक्क्यावर थोबाडीत दिली. कशासाठी दिली ते त्याला कळलं नाही आणि मला सांगता येत नव्हतं. त्यांच्या हातांची काही चूक नव्हती. जी चूक होती तिच्यासाठी लोक त्यांना माफ करत होते.

पाऊस सरून बंदर उघडलं. मिस्त्री पुन्हा कामावर. सुपारी तशीच, वाळू तशीच. आता वाळू टाकायच्या आधी जागा कोरडी पुसून घ्यायचे. पण पहिला बाटला निघायच्या वेळेला मला बाजूला घेतलं. "आजपासून शब्द तू सांगायचा. मी सांगणार नाय."

मी म्हटलं, "मिस्त्री, मी बाटला चालवणारा."

"वरती तू उभा राहायचं. माझ्या तोंडाचा भरवसा नाय."

त्याच्यानंतर घाटीवर त्यांनी कधी तोंड उघडलं नाही. बोटाने दाखवायचे. घरी गेलं तरी आईबापाची विचारपूस बंद, कोणाचंच नाव घेईनात. मला पण "हं" म्हणून बोलवायचे.

काकींना लोकांच्या बोलण्याचं काही नव्हतं. हात मागे का होते ते त्यांना माझ्याइतकं ठाऊक होतं. त्यांचं दुखणं निराळंच. धुणं धुताना, भात सडताना, मी दिसलो की एकच: "अरे, मी शिकवलं होतं त्याला. बरणी फुटली तेव्हा तू होतास ना? मग त्याने धरलं कसं? माझं शिकवायचं काय राहिलं?" तोच प्रश्न त्या नवऱ्यालाही विचारायच्या. मिस्त्री भिंतीकडे बघत बसायचे. काकी वाळत चालल्या. घरातली भांडी पुन्हा पडायला लागली. आता मुद्दाम नव्हे, हाताला धरवत नव्हती म्हणून. तो पितळेचा तांब्या पोचे पडून पडून पाटावर उभा राहीना.

दिवाळीच्या सुमाराला एकदा काम संपल्यावर मिस्त्री माझ्याबरोबर घाटी उतरले. वरच्या वळणाशी थांबले.

"पहिल्याने सोडला होता," म्हणाले. पहिला म्हंजे रघू. "तू बघितलंस?"

"बघितलं."

"तिला सांग."

मी म्हटलं, "सोडला होता म्हटलं तर विचारतील, मग परत धरला कसा. हाक सांगावी लागेल."

"ती पण सांग."

"तुम्हीच सांगा की."

त्यांनी खिशातली सुपारी काढली, बघितली, परत ठेवली. "मला होत नाय. तोंड उघडलं की तेच नाव येतं."

मी दुसऱ्या दिवशी गेलो. मिस्त्री मुद्दाम घरी नव्हते. काकी उखळाशी होत्या. मी उभ्यानेच सांगितलं: काकी, त्याने सोडला होता. हात बरणीच्या दिवसासारखे मागे होते. तुमचं शिकवलेलं राहिलं नव्हतं. मग वरून हाक आली म्हणून तो वळला.

"आर्याची हाक?"

"नाही. नावाची."

मुसळ वर होतं ते तसंच थांबलं. मला वाटलं आता टाकतील. टाकलं नाही. हळूच उखळात उतरवलं. "बरं," म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पेज घेतोस?" मी घेतली.

त्यानंतर काकींनी तो प्रश्न कोणालाच विचारला नाही. भांडी पडायची थांबली. पण नवऱ्याशी त्यांचं बोलणं कामापुरतंच राहिलं: जेवण वाढलंय, पाणी तापलंय, कंदिलात तेल नाही. भांडण नाही, काही नाही. एका घरात दोन माणसं आपापल्या बाजूने भिंत धरून राहिली. मला कधी वाटायचं मी सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. मग वाटायचं, नाही. एक माणूस फुकट जळत होतं. ज्याचं ओझं होतं त्याने ते आपल्याकडे घेतलं. वजन ज्याचं त्याला दिलं. ह्यात मी माझं मत बदललेलं नाही.

पुढे काही वर्षांनी मिस्त्री अंथरुणाला लागले. छातीत पाणी झालं होतं. बोलणं गेलं, डोळे मिटलेले, श्वास विहिरीच्या रहाटासारखा. पण उजव्या हाताने खाटेची कडा धरलेली ती सुटेना. दिवस गेले. गावची माणसं येऊन बघून जायची. कोणी म्हणालं, पोरात जीव अडकलाय. कोणी म्हणालं, धरलं नाही ना, ते आता धरताहेत. मी त्याला घराबाहेर काढलं.

शेवटच्या दिवशी दुपारी मी पायाशी बसलो होतो. काकी आतून तो पोचे पडलेला तांब्या घेऊन आल्या. पाणी पाजलं, ओघळलं ते पदराने टिपलं. मग खाटेशेजारी जमिनीवर बसल्या आणि त्या हाताकडे बघत राहिल्या. नखं पांढरी पडली होती. काकींनी आपला हात त्याच्यावर ठेवला. बोटं उलगडायला गेल्या नाहीत. नुसता ठेवला. एवढ्या वर्षांत काकींनी त्यांना असा हात लावलेला मी बघितला नव्हता.

बाहेर कोणी म्हातारी म्हणाली, "नाव घे गो आता त्यांचं, कानात घे. नावाने जीव सुटतो." आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, पण शेवटी कानात घेतलं तर चालतं म्हणतात.

काकी त्यांच्या कानाशी वाकल्या. मी जवळ होतो, मला ऐकू आलं.

"आर्या," म्हणाल्या.

हात सुटला.

काकींचा शब्द चुकला नाही.